जरब बसली ती आजीला

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : 'जरब बसावी म्हणून' कायद्यात फाशीची तरतूद वाढवू नये याबाबत

सप्रेम नमस्कार,

मी सत्र न्यायालयात लघुलेखक होते. १९८८ साली नोकरीला लागले, २०१९ मध्ये निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत किती न्यायाधीश आले आणि बदलून गेले, मी त्याच जिल्ह्यात राहिले. साक्षीदार पिंजऱ्यात बोलायचा, साहेब मजकूर सांगायचे आणि मी टंकायची. आधी टाइपरायटरवर, नंतर कॉम्प्युटरवर. खुनाचे, बलात्काराचे, हुंडाबळीचे खटले रोजच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, असत. फाशीचं निकालपत्र मात्र माझ्या हातून एकदाच टंकलं गेलं.

शेवटचा परिच्छेद साहेबांनी चेंबरचं दार लावून सांगितला. गळफास देऊन मरेपर्यंत लटकवण्यात यावं आणि शिक्षा कायम होण्यासाठी कागदपत्रं उच्च न्यायालयाकडे पाठवावीत, एवढाच तो मजकूर. सही झाली आणि त्यांनी पेनची निब टेबलावर दाबून मोडली. हा रिवाज मी ऐकून होते, पाहिला त्या दिवशी. लाकडावर छोटीशी खूण उमटली, ती पुढे टेबलाला पॉलिश होईपर्यंत दिसायची. दुपारी त्यांनी डबा उघडला नाही.

बाहेर मात्र फटाके वाजत होते. आवारात पेढे वाटले जात होते, चॅनेलच्या गाड्या उभ्या होत्या. आता असं कृत्य करायची कुणाची हिंमत होणार नाही, असं एक पुढारी कॅमेऱ्यासमोर सांगत होते. मलाही ते पटलं होतं. पट्टेवाल्यानं पुढे केलेला पेढा मी खाल्ला.

त्याच दुपारी बोर्डावर बलात्काराचंच दुसरं प्रकरण होतं. सात वर्षांचं जुनं. पुकारा झाला तेव्हा कोर्टात आरोपी, दोन वकील आणि आम्ही कर्मचारी, एवढेच. पंच फितूर झाला. तपास अधिकारी बंदोबस्तावर असल्यामुळे हजर नव्हते. तारीख पडली. आरोपी बाहेर जाऊन मोटरसायकलला किक मारून निघून गेला, तो आवाज आत ऐकू आला. सकाळच्या निकालाची जरब त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर बसलेल्या या माणसाला कितपत बसली असेल, हा प्रश्न त्या दिवशी माझ्या मनात आला नाही. तो नंतर आला.

म्हणून हे पत्र. डिसेंबर २०२०मध्ये आपल्या सभागृहात 'शक्ती' विधेयक आलं आणि पुढच्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. बलात्काराच्या गंभीर गुन्ह्यांना फाशी, हा त्याचा सर्वांत गाजलेला भाग होता. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही, पण मोठी घटना घडली की 'शक्ती'चं काय झालं, हा प्रश्न पुन्हा येतो. विधेयक आलं तेव्हा त्यातल्या फाशीच्या तरतुदीला राज्यातल्या अनेक महिला संघटनांनी आणि स्त्रियांचे खटले लढणाऱ्या वकिलांनी विरोध केला होता. ज्यांच्यासाठी कायदा करायचा, त्यांच्याच बाजूनं उभ्या राहणाऱ्या बायका 'फाशी नको' का म्हणतात, हे तेव्हा पुष्कळांना उमजलं नाही. मला ते एका आजीनं शिकवलं.

२०१८च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. नऊ वर्षांच्या मुलीवर तिच्या सख्ख्या चुलत्यानं अत्याचार केला होता. गुन्हा २०१६चा. मुलीनं पोलिसांना सांगितलं होतं, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जबाब दिला होता, वैद्यकीय अहवाल तिच्या बाजूनं होता. आई नव्हती. आजी सांभाळायची, आणि फिर्याद देणारीही आजीच होती, स्वतःच्या मुलाविरुद्ध. त्या बाईच्या धैर्याबद्दल आमच्या कोर्टात सगळ्यांना आदर होता.

साक्षीच्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, एक इचारू का? पोरीनं समदं सांगितलं तर माज्या ल्येकाला फाशी देत्यात म्हनं."

"कोण म्हणालं, आजी?"

"टीव्हीवर सांगत्यात की. बारा वर्साच्या आतली पोरगी आसंल तर फाशीच." मग थोडं थांबून, "त्यो बी माजा, ही बी माजीच. म्या काय करू?"

त्या वर्षी एप्रिलमध्ये केंद्राचा वटहुकूम निघाला होता आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला होता. बारा वर्षांखालील मुलीवरच्या बलात्काराला फाशीपर्यंत शिक्षा. आजीच्या खटल्याला तो लागूच नव्हता, कारण गुन्हा आधीचा. मी आजींना सरकारी वकिलांकडे पाठवलं. त्यांनी चांगलं समजावलं. म्हातारीनं मान डोलावली. पण घरात आणि भावकीत कित्येक दिवस जे बोललं गेलं असेल, ते व्हरांड्यातल्या पाच मिनिटांत पुसलं जात नाही.

मुलगी पिंजऱ्यात आली. कुणीतरी तिला कोर्टासाठी नवा फ्रॉक घेतला होता. मानेशी किमतीच्या चिठ्ठीचा प्लास्टिकचा दोरा तसाच राहिला होता आणि तो टोचत असावा, ती सारखी मान वाकडी करत होती. पहिल्या प्रश्नाला म्हणाली, मला आठवत नाही. दुसऱ्याला तेच. तिसऱ्या प्रश्नाला तिनं आधी आजीकडे पाहिलं आणि मग म्हणाली, काही झालं नव्हतं. साक्षीदार फितूर जाहीर झाला. ते मी टंकलं. दोन महिन्यांनी आरोपी सुटला आणि मुलगी ज्या घरात राहत होती त्याच घरी परत गेला.

जरब बसली होती. फक्त ती त्याला बसली नव्हती, आजीला बसली होती.

हे एका घरापुरतं आहे असं समजू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल काढून पाहा. बलात्काराच्या दर शंभर गुन्ह्यांपैकी नव्वदहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलीच्या ओळखीचा असतो. चुलता, मामा, शेजारी, शिक्षक, लग्नाचं वचन दिलेला मुलगा. फाशीची चर्चा करताना डोळ्यांसमोर येतो तो निर्जन रस्त्यावरचा अनोळखी राक्षस. पोलीस ठाण्याच्या दारात पोचणारी बाई मात्र नात्यातल्या माणसाचं नाव घ्यायला आलेली असते. त्या नावापुढे आपण फाशीचा दोर टांगला, तर ते नाव तोंडातून निघणं किती अवघड होतं, हे मी जवळून पाहिलं आहे. आणि मुलीला मारून टाकलं तरी शिक्षा तीच, असं झालं, तर साक्ष देऊ शकणारी एकमेव व्यक्ती जिवंत कशाला ठेवायची, असं गुन्हेगाराला वाटण्याचीही भीती आहे.

जरब म्हणजे नेमकं काय, याचा विचार आपण थोडा शांतपणे करावा अशी विनंती आहे. आरोपींचे शेवटचे जबाब मी शेकड्यांनी टंकले, ज्यांनी गुन्हा कबूल केला त्यांचेही. दारूच्या नशेत, जुन्या वैरातून, 'ती कुणाला सांगणार नाही' या खात्रीनं किंवा पोलीस आपल्यापर्यंत येत नाहीत, या भरवशावर माणसं गुन्हे करतात. दहा वर्षं होतील की जन्मठेप की फाशी, असा हिशोब करून थांबलेला किंवा पुढे गेलेला एकही माणूस मला त्या कागदांत भेटला नाही. हिशोब असतो तो पकडले जाऊ की नाही, याचा. आणि तो हिशोब गुन्हेगाराच्या बाजूनं आहे. देशात बलात्काराच्या निकाली निघणाऱ्या खटल्यांत शिक्षा होण्याचं प्रमाण अलीकडच्या बहुतेक वर्षांत तीस टक्क्यांच्या आत राहिलं आहे.

या विषयात ज्यांनी आयुष्य घातलं, ते काय म्हणतात? अमेरिकेत १९७५ साली आयझॅक एर्लिक या अर्थशास्त्रज्ञानं गणित मांडलं की एका फाशीमुळे सात-आठ खून टळतात. त्यावरून तिथे अनेक वर्षं वाद झाला. २००९ साली तिथल्या नामवंत गुन्हेशास्त्रज्ञांना विचारलं गेलं, तेव्हा त्यांतल्या ८८ टक्क्यांनी सांगितलं की फाशीनं खुनाला आळा बसतो असं दिसत नाही. २०१२ साली तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीनं तीसेक वर्षांचे सगळे अभ्यास तपासले. फाशीनं खून कमी होतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, यांपैकी काहीही या अभ्यासांवरून सांगता येत नाही, आणि धोरण ठरवताना ते वापरू नयेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मला हा निष्कर्ष प्रामाणिक वाटतो. ज्याचा पुरावा नाही, त्याच्या आधारावर माणसाचा जीव घेऊ नये, एवढं त्यातून निघतं आणि तेवढं पुरेसं आहे.

आपल्याकडचा दाखला त्याहून जवळचा आहे. त्रावणकोर संस्थानानं १९४४ साली फाशी बंद केली होती. १९४५ ते १९५० या फाशी नसलेल्या वर्षांत तिथे ९६२ खून झाले. राज्यघटना आल्यावर फाशी परत लागू झाली आणि पुढच्या पाच वर्षांत खुनांचा आकडा होता ९६७. १९६७ साली विधी आयोगानं, म्हणजे कायद्यातले बदल सुचवणाऱ्या केंद्राच्या आयोगानं, आपल्या ३५व्या अहवालात फाशी ठेवावी असंच सांगितलं, जरब बसते असं तेव्हाच्या आयोगाचं मत होतं. पण २०१५ साली त्याच आयोगानं २६२व्या अहवालात ते मत बदललं. जन्मठेपेपेक्षा फाशीची जरब जास्त बसते याला आधार नाही, म्हणून दहशतवाद आणि देशाविरुद्धचं युद्ध सोडून बाकी गुन्ह्यांसाठी ती रद्द करावी, असं आयोग म्हणाला. अध्यक्ष होते न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, आपल्याच उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं काम केलेले. त्याआधी जानेवारी २०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीनं दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्कारानंतर देशभरातून आलेल्या हजारो सूचना वाचल्या आणि तरीही बलात्काराला फाशीची शिफारस केली नाही. समितीचा अहवाल आल्यावर काही दिवसांतच वटहुकूम निघाला, त्यात मात्र फाशी होती.

व्यवसायातले सगळेच एका बाजूला आहेत असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या संशोधकांनी सर्वोच्च न्यायालयाच्या ६० निवृत्त न्यायमूर्तींच्या मुलाखती घेतल्या. पोलिसांच्या तपासात छळ होतो, पुरावे तयार केले जातात, गरिबाला चांगला वकील मिळत नाही, हे त्यांतल्या बहुतेकांनी मान्य केलं, आणि तरीही फाशी असावी असं म्हणणारेच जास्त निघाले. आमच्या बाररूममध्येही तसंच होतं. सकाळी तपासाच्या ढिसाळपणावर तावातावानं बोलणारे वकील संध्याकाळी बातम्या पाहून 'याला लटकवलाच पाहिजे' म्हणायचे. मी त्यांना दोष देत नाही. दोन्ही गोष्टी त्यांना मनापासून वाटत असत.

तपास चुकतो तेव्हा काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे आणि ते प्रत्येक आमदाराला तोंडपाठ असायला हवं. २००३ साली नाशिकजवळ पेरूच्या बागेत राहणाऱ्या कुटुंबावर दरोडा पडला. पाच माणसं मारली गेली, अत्याचार झाले. भटक्या जमातीतली सहा माणसं पकडली गेली. सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयानं तिघांची कायम केली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीच, असं सांगितलं. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईनं सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंमधून भलत्याच चार जणांना ओळखलं होतं, त्यांची चौकशीच झाली नव्हती. सोळा वर्षं गेली. त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. राज्य सरकारनं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. खरे गुन्हेगार कोण, हा प्रश्न त्या निकालानंतरही उरलाच. दोर २००९ सालीच ओढला गेला असता तर 'जरब बसली' म्हणून आपण समाधानानं ती फाइल मिटवली असती.

आणि खटला पक्का असला तरी? २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या तरुणीवर गाडीच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानं बलात्कार करून खून केला. २०१२ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, २०१७ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. त्यानंतरही कागद या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत राहिले. फाशीची तारीख निघाली ती जून २०१९ची. या विलंबामुळेच उच्च न्यायालयानं फाशीऐवजी ३५ वर्षांची कैद दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच योग्य ठरवलं. त्या मुलीच्या घरच्यांनी सतरा वर्षं तारखा मोजल्या. २०१२ मध्येच जन्मठेप झाली असती तर त्यांचं दुःख हलकं झालं नसतं, पण दर वर्षी ते पुन्हा उकरलं गेलं नसतं.

देशभर सत्र न्यायालयांत झालेल्या फाशीच्या शिक्षांपैकी वरच्या न्यायालयांत शेवटपर्यंत टिकणाऱ्या पाच टक्क्यांहूनही कमी आहेत, असं दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्याच २०१६च्या अहवालानं दाखवलं. जवळपास तीस टक्के आरोपी तर निर्दोष सुटले. या शतकात देशात प्रत्यक्ष फासावर गेले आठ जण, त्यांतले चार, दिल्लीच्या त्याच प्रकरणातले, २० मार्च २०२०च्या पहाटे तिहार तुरुंगात. त्यानंतर २०२१ साली देशात बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे नोंदले गेले आणि २०२२ साली ३१,५१६. या आकड्यांवरून फाशी अपयशी ठरली असं मी सिद्ध करू पाहत नाही. नोंद वाढणं हे कधीकधी बायकांचा धीर वाढल्याचंही लक्षण असतं. पण जरब बसल्याची खूणही त्यांत कुठे दिसत नाही.

लेक गमावलेल्या आईनं फाशी मागितली तर तिच्यापुढे मी एक शब्द बोलणार नाही. कोपर्डीनंतर रस्त्यावर आलेल्या लाखो माणसांचं, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला रुळांवर तासन्‌तास बसलेल्या आईबापांचं मन मला कळतं. पण बदलापूरची सुरुवात आठवा. शाळेत अत्याचार झालेल्या चिमुरड्या मुलींच्या पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं होतं. लोक रुळांवर आले ते त्या ताटकळण्यातून. त्यांच्या हातातल्या फलकांवर 'फाशी' होतं, कारण ते एकच मागणं असं आहे ज्याला आपल्याकडून लगेच 'हो' मिळतं. गुन्हा वेळेत नोंदवा, या मागणीला तसं 'हो' मिळालं असतं, तर फलक कदाचित वेगळे असते.

नवा कायदा लागतच नाही, याचं एकच उदाहरण देते. बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यात, पोक्सोत, ३५वं कलम आहे. न्यायालयानं दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपावा, असं ते सांगतं. २०१२ पासून पुस्तकात आहे. फ्रॉकच्या दोऱ्यानं मान वाकडी करणारी ती मुलगी दोन वर्षांहून जास्त काळ थांबली होती, आणि त्या दोन वर्षांतच घरच्यांनी तिला फिरवली. सीए रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल, आला नव्हता म्हणून चार तारखा गेल्या. न्यायाधीशांची बदली झाली म्हणून काही महिने गेले. तिच्यासोबत बसायला आधार देणारी प्रशिक्षित बाई नव्हती. आरोपी आणि ती एकाच व्हरांड्यात, एकाच बाकाच्या दोन टोकांना बसत. अशा साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र केंद्र उभं करा, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं आहे. तिला तीस दिवसांत, वेगळ्या खोलीत बोलतं केलं असतं तर चुलत्याला किमान दहा वर्षं झाली असती. गावातल्या दहा-वीस पुरुषांनी ते डोळ्यांनी पाहिलं असतं. माझ्या मते जरब म्हणतात ती हीच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत सांगितलं होतं की फाशीच्या अपिलांची व्यवस्था करत बसण्यापेक्षा फाशीच रद्द केलेली आपल्याला आवडेल. तेवढं आज आपल्या हाती नाही, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या हाती तारांकित प्रश्न आहे, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो प्रश्न. येत्या अधिवेशनात तो विचारा. आपल्या जिल्ह्यात पोक्सोचे किती खटले एका वर्षाहून जुने आहेत? त्यांतल्या किती मुलांची साक्ष ३० दिवसांत झाली? न्यायवैद्यक प्रयोगशाळांत किती नमुने तपासणीविना पडून आहेत आणि तंत्रज्ञांच्या किती जागा रिकाम्या आहेत? विशेष न्यायालयांत सरकारी वकिलांची किती पदं भरायची आहेत? पीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचे किती अर्ज वर्षभर प्रलंबित आहेत? उत्तरं सभागृहाच्या पटलावर येऊ द्या, आणि 'शक्ती'चा किंवा त्याच्यासारखा कुठलाही मसुदा पुन्हा आलाच तर ती उत्तरं समोर ठेवून फाशीच्या कलमावर मत द्या.

या पाच प्रश्नांचा मसुदा मी नमुन्याप्रमाणे टंकून सोबत जोडला आहे. माझ्या मतदारसंघाच्या आमदारांकडे तो येत्या सोमवारी स्वतः नेऊन देणार आहे.

आपली,
एक निवृत्त लघुलेखक, सत्र न्यायालय